तशीच धर

परवाच्या वाऱ्यात गच्चीवरची डिश फिरली. टीव्हीवर निळा पडदा आणि त्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच ओळ. कंपनीचा माणूस आठवडा घालवणार असं दिसलं, आणि तेवढे दिवस टीव्हीशिवाय काढायची आमच्या घरात कुणाची तयारी नाही, म्हणून माझा मुलगा पाना घेऊन वर गेला. यंत्र नाही, माप नाही, नुसता अंदाज. शेजाऱ्यांच्या ताटल्या कुठं तोंड करून आहेत ते बघायचं आणि आपली तशी फिरवायची. वरून तो ओरडला, “आई, आलं का?”

मी टीव्हीसमोरच बसले होते. चित्र येत होतं, जात होतं. तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि मी नुसती पडद्याकडं बघत होते. शेवटी आमचे हे काठी टेकत दारापर्यंत आले आणि वर बघून म्हणाले, “आलं, आलं. आता हलवू नको, तसंच धर.” मला असा संताप आला की मी रिमोट सोफ्यावर आपटला आणि आत निघून गेले. म्हातारीचं काहीतरी बिनसलं, असं पोरांना वाटलं. सुनेनं आलं घालून चहा आणून दिला. तिला काय सांगणार? एवढ्या वर्षांची गोष्ट चहाच्या कपाबरोबर सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर कोपरगावकडचं, गोदावरीच्या काठचं. सासर काष्टीचं. जिल्हा एकच, पण एक टोक तिकडं आणि एक इकडं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं. माहेरी आम्ही खाऊनपिऊन सुखी. सासरचे आमच्याहून वरचढ. कालव्याचं पाणी, ऊस, लिंबाची बाग आणि मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, शब्दाला गावात वजन. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, हे स्थळ मोठ्या हौसेनं जुळवलं होतं. आणि ते बिघडलंही त्यांच्याच हातून, भर मांडवात.

झालं असं, की मानाचे फेटे बांधून झाले, पंगत बसायची वेळ आली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, नवरदेवाच्या मामाला फेटा बांधायचा राहिला. नवरदेवाच्या मामाला! मांडवात कुजबुज सुरू झाली. आणलेले फेटे संपले होते. आण्णांनी मागचापुढचा विचार न करता स्वतःच्या डोक्यावरचा, त्याच सकाळी बांधलेला कोरा फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या मामाच्या डोक्यावर ठेवला. आण्णांच्या लेखी याहून मोठा मान नव्हता. भर मांडवात आपलं डोकं उघडं करून दुसऱ्याचं झाकायचं, आणखी काय द्यायचं माणसानं? पण मामंजी ताडकन उभे राहिले. “उतरलेला फेटा आमच्या पाव्हन्याला?” असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले.

आण्णा तापट. खाली बघून गप्प बसले असते तर पंगतीबरोबर सगळं मिटलं असतं. ते म्हणाले, “माज्या डोक्यावरचं दिलं, ते तुमाला कमी वाटतंय व्हय?” झालं. शब्दानं शब्द वाढला. माझी पाठवणी झाली ती मामंजींच्या एका वाक्यानिशी: नवा फेटा घेऊन आमच्या दारात या, चुकलं म्हणा, तेव्हाच पोरगी माहेराला येईल.

आण्णा काही आले नाहीत. पहिल्या दिवाळीला माझा भाऊ मुराळी म्हणून आला, म्हणजे मला माहेरी न्यायला. त्याला ओसरीवर पाणी दिलं आणि परत पाठवलं. मी आत चुलीपुढं बसून त्याचा आवाज ऐकत होते. बाहेर जायची सोय नव्हती. त्यानंतर मुराळी आला नाही. बायका पाणवठ्यावर माहेरच्या गोष्टी काढायच्या तेव्हा मी कळशी घासत बसायचे.

नवरा मात्र मला चांगला मिळाला असं मी तेव्हा समजत होते. हे मनानं मऊ. आईबापांपुढं तोंड उघडायचे नाहीत, पण एकटे असलो की म्हणायचे, “मी हाय ना. मामा म्हातारं मानूस, निवळतील.” वडिलांना ते मामाच म्हणत. मला तेवढं पुरायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला अजून काय लागतं?

दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं. पुण्याच्या सिंहगडावर टीव्हीचा मनोरा उभा राहिला आणि मुंबईचं चित्र पुण्यात दिसायला लागलं, ही बातमी लिंबाच्या गाडीबरोबर आमच्या गावात आली. मामंजींच्या डोक्यात ते बसलं. पुढच्या वर्षी जीपमधून, गोधडीत गुंडाळून, लाकडी कपाटासारखा टीव्ही घरी आला. त्याला सरकती दारं होती. बरोबर दुकानाचा माणूस होता. त्यानं आमच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, एक उंच लोखंडी पाइप उभा केला. त्याच्या टोकाला अँटेना बांधली. अँटेना म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं एक मोठं दंताळंच. दुपारभर त्यानं पाइप फिरवला. टीव्हीवर मुंग्या. काळ्यापांढऱ्या मुंग्यांचं वारूळ फुटावं तशा, आणि त्यांचा तो खरखर आवाज. शेवटी तो म्हणाला, इतक्या लांब चित्र पोचत नाही. शिरा खाल्ला आणि गेला.

गाव बघायला जमलेलं. मामंजींचं तोंड बघवत नव्हतं. मग घरच्या पुरुषांनी पाइप फिरवायला सुरुवात केली, तर आत्याबाई, माझ्या सासूबाई, खवळल्या. धाबं म्हणजे माती. जड पायांनी तुडवलं की भेगा पडतात आणि पुढच्या पावसात सगळं घर गळतं. “तुमच्या सिनेमापायी माजं घर गळाया लावता काय? चढायचंच असंल तर हिला चढवा, तिचं काय वजन हाय?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. नाहीतरी पापड-कुरडया वाळवायला मी रोज वर जातच होते. अशी मी आमच्या घरची अँटेना फिरवणारी झाले.

पाइपाला खाली, माझ्या हाताच्या उंचीवर, ह्यांनी एक आडवी काठी बांधून दिली. अँटेनाचं तोंड जिकडं, तिकडं काठीचं टोक. टीव्ही ओसरीवर. त्याच्यासमोर मामंजी, दारात हे, आणि धाब्यावर मी. मामंजी बघून बोलायचे, हे तेच वर ओरडायचे, मी काठी बोटभर सरकवायची.

“आलं का वो?”

“न्हाई, मुंग्या!”

“आता?”

“हललं कायतरी! मागं घे, मागं!”

असे कितीतरी दिवस गेले. सिंहगड कुठल्या दिशेला हे आमच्यापैकी कुणालाच नेमकं माहीत नव्हतं. पुणं पश्चिमेला, एवढंच. आणि एका संध्याकाळी खालून एकदम गलका झाला. बाई दिसली म्हणे! बातम्या देणारी बाई! मी बघितलं तर काठीचं टोक जिथं सूर्य टेकत होता बरोबर तिथं होतं. दसऱ्यानंतरचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता सूर्य मावळायच्या वेळी काठी त्याच्याकडं धरली आणि खालून आवाज आला, “आली, आली!” मग मी कठड्यावर चुन्याचं बोट ओढून ठेवलं. वाऱ्यानं पाइप फिरला तरी मला कधी शोधावं लागलं नाही.

आणखी एक गंमत होती. चित्र लागलं आणि मी हात काढला, की मुंग्या. हात लावला, की माणसं. मामंजींनी गावभर सांगितलं, सूनबाईच्या हाताला गुण आहे. कुणाचाही ओला-कोरडा हात त्या लोखंडाला लागला असता तरी तेच झालं असतं, हे मला फार पुढं एका वायरमननं सांगितलं. तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांना ते खरंच वाटायचं. मलाही. लोक संध्याकाळी ओसरीवर यायचे, जाताना वर बघून म्हणायचे, “वैनी, आज लई भारी दिसलं!” आणि मी धाब्यावर पदर सावरत खुळ्यासारखी खूश व्हायचे. टीव्ही आमच्या घरात होता, तो माझ्यामुळं चालत होता, आणि मी त्यावर एक कार्यक्रम धड बघितलेला नव्हता. ओसरीवर पुरुष बसलेले असताना सुनेनं तिथं बसायची रीतच नव्हती. पाइप धरलेला आहे म्हणून ते माझ्या मनाला लागतही नव्हतं.

तेवढ्यात बाजारच्या दिवशी हेडी आला. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. काष्टीचा बैलबाजार मोठा, हा माणूस कोपरगावकडून बैल आणायचा आणि आण्णांच्या ओळखीतला होता. मागच्या दाराशी पाणी मागायच्या निमित्तानं थांबला आणि हळूच म्हणाला, “ताई, तुजे आण्णा मुंबैला चाललेत. टीवीवर बोलायला.” मला खरंच वाटेना. दुष्काळात सगळ्यांचा ऊस वाळला, आण्णांनी उसाचं पाचट जाळायचं सोडून सऱ्यांत पसरलं, ओल धरली आणि ऊस जगवला. आधी लोक हसले, मग बघायला येऊ लागले. आता शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात त्यांची मुलाखत होती. “येत्या बुधवारी, सांजचं,” हेडी म्हणाला. “आण्णांनी मुद्दाम सांगाया लावलंय. तिला म्हनावं, बघ.”

मुद्दाम सांगायला लावलंय. ते शब्द मी दिवसभर मनात घोळवले. आण्णांचा चेहरा लग्नानंतर मी पाहिला नव्हता. रात्री मी ह्यांना सांगितलं. म्हटलं, “एवढं एकदा मला खाली बसून बघू द्या. त्या दिवशी पाइप तुमी धरा.”

हे हसले. “धरतो की! तुजा बाप टीवीवर आनि तू वर? असं कसं चालंल?”

“मामंजींना चालंल का?”

“ते माज्यावर सोड. तू चित्र लावून दे. लागलं की मी वर येतो, तू खाली जा.”

बुधवारी मी दुपारीच न्हाऊन घेतलं. पेटीतलं चांगलं पातळ काढून नेसले. आण्णा मला बघणार नव्हते, मीच त्यांना बघणार होते, हे कळत होतं. तरी नेसले. आत्याबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत.

ऊन कललं तशी मी वर गेले. चुन्याच्या खुणेवर काठी आणली. खाली नेहमीचे लोक यायला लागले होते. मामंजी फाटकाशी उभे राहून त्यांना परत लावत होते, “आज यंत्र बिघडलंय, उद्या या.” यंत्र बिघडलेलं नव्हतं. मला वाटलं, ह्यांनीच मामंजींना सांगून लोकांना लांब ठेवलं, मला मोकळेपणी बसता यावं म्हणून. माझे डोळे भरून आले. आपला माणूस किती विचार करतो, असं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

“आलं का वो?” मी विचारलं.

“न्हाई. मुंग्याच.”

मी खूण बघितली. बरोबर होती. सूर्य काठीच्या टोकाला टेकला होता. तरी मी केसभर इकडं केलं.

“आता?”

“मुंग्याच हायेत. मागं घे, पहिल्यासारखं.”

मी खुणेवर परत आणलं. जरा वेळ खालून काहीच आवाज नाही. एरवी उजेडासाठी छताला ठेवलेल्या भोकातून, सवण्यातून, टीव्हीची खरखर, बोलणं, काहीतरी वर यायचं. त्या दिवशी सवण्यावर पाटी पालथी घातलेली होती. आत्याबाईंनी मांजरासाठी घातली असेल, असं मला वाटलं.

“अहो, वेळ झाली ना! आलं का?”

“तशीच धर!” हे म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता, घाईचा होता. “चित्र न्हाई, पन येईल. हलू नको. तशीच धर.”

मी धरली. दोन्ही हातांनी. चित्र नाही तर तशीच कशाला धरायची, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मला वाटत होतं, आज माझ्याच हातात काहीतरी कमी पडतंय. मी चपला काढल्या, हात पदराला पुसले, पुन्हा पाइप धरला. मनात देवाला म्हणत होते, आणखी थोडा वेळ, कार्यक्रम संपायच्या आत येऊ दे. सूर्य गेला. काठीचं टोक दिसेना झालं. माझे दंड थरथरत होते आणि मी हलत नव्हते, कारण हलू नको असं सांगितलं होतं.

बऱ्याच वेळानं हे जिन्यावर आले. वरपर्यंत नाही, अर्ध्यावरच. “ये खाली. आज न्हाईच आलं. आवाज आला थोडा, तर दुसराच कोनतरी बोलत हुता. कारेक्रम बदलला वाटतं.”

मी तिथंच बसून रडले. हे मला समजावत होते. “तुज्या हाताचा दोष न्हाई, वाराच लई हुता,” असं म्हणाले. मला त्यातही माया दिसली. जेवताना आत्याबाईंनी माझ्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मला वाटलं, बाईच्या जातीला बाईचं दुःख कळतं.

पुढचा बाजार दिवाळीआधीचा, मोठा. आमचं घर बाजारतळापासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर मी चकल्यांचा घाणा काढत होते आणि बैलांच्या घंटा, लिलावाचे आवाज, सगळं ऐकू येत होतं. हे सकाळीच बाजाराला गेले, दुपारी परत आले. हातात कागदात बांधलेली गुडीशेव होती, गुळाच्या पाकातली. मला ती लहानपणापासून फार आवडते. ह्यांना हे मी कधी सांगितलं होतं ते आठवेना, पण सांगितलं असेल. “खा,” म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गोठ्यात निघून गेले. मी चुलीपाशीच बसून खाल्ली. पुडा संपला तेव्हा बोटं चाटली. त्या दिवशी मी सुखात होते.

वर्ष-दीड वर्षानं माझ्या भावाचं लग्न ठरलं. दोन्हीकडच्या सोयऱ्यांनी मधे पडून मामंजींना पटवलं. त्यांची तब्येतही उतरली होती, पूर्वीचा ताठा राहिला नव्हता. मला लग्नापुरतं पाठवलं. मी माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा आई गळ्यात पडली, भाऊ रडला. आण्णा म्हणाले, “आलीस? बरं,” आणि मांडवाकडं निघून गेले. लग्नाच्या गडबडीत असतील, असं मी समजले. पण लग्न झालं, पाहुणे गेले, तरी आण्णा माझ्याशी बोलेनात. मी समोर आले की उठून जायचे. बाप माझा. मी त्यांच्या मागून उसात गेलेली, त्यांच्या ताटात जेवलेली.

मांडव सोडत होते त्या दिवशी मी त्यांना गाठलं. ते सुतळीच्या गाठी सोडत बसले होते. मी म्हटलं, “आण्णा, माजं काय चुकलं? बोलत का न्हाई?”

ते गाठीकडं बघत म्हणाले, “मी बोललो तवा तू ऐकून घेतलंस आनि गप ऱ्हायलीस. आता काय बोलायचं?”

“कवा बोलला तुमी?”

“टीवीवर.”

मला काही कळेना. मी म्हटलं, टीव्हीवर तर तुम्ही आलाच नाहीत, कार्यक्रम बदलला होता. आण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. माझी थट्टा चालवलीस काय, असं ते बघणं होतं. मग रागानं, तुटक तुटक, त्यांनी सांगितलं. मुलाखत घेणाऱ्यानं ऊस, पाणी, पाचट, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाला, घरी कोण कोण असतं? तेव्हा आण्णांनी माझं काढलं. एक लेक काष्टीला दिली आहे, फेट्यावरून बिनसलं, चूक माझी, असं सगळं बोलून टाकलं. दिवाळीआधीच्या बाजारी नवा फेटा घेऊन काष्टीच्या बाजारात थांबतो, लेकीला लावून द्या, असं म्हणाले. दारात यायचं मात्र त्यांना जमणार नव्हतं. बाजारापर्यंत ते आले.

“आलो. सकाळधरनं उभा हुतो, बैलबाजारात. जावई आले. मी इचारलं, तिनं बघितलं का? म्हनले, बघितलं. मंग? म्हनले, ती न्हाई म्हनती यायला.”

आण्णा बोलतच होते. “मी म्हनलं, असंल बाबा, बापाचा राग असंल. फेटा परत घेतला. गुडीशेव हुती तुज्यासाठी घेतलेली, ती तेवढी त्यांच्या हाती दिली. ती तरी पोचली का न्हाई?”

“पोचली,” मी म्हटलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. धाबं, पाइप, खूण, सवण्यावरची पाटी, तशीच धर. आण्णा टीव्हीवर बोलले होते, पण टीव्ही त्यांनी कधी बघितला नव्हता. अँटेना म्हणजे काय, ती कुणी का धरायची, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हंजी चित्र आलंच न्हवतं?”

“आलं हुतं, आण्णा. मी धरलं हुतं म्हनून आलं हुतं.”

आण्णांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. दीड वर्ष त्यांनी मला दगडाच्या काळजाची समजलं होतं, आणि मी त्यांना. मी म्हटलं, “आण्णा, काय बोलला हुता तुमी? माज्याबद्दल काय म्हनलात? मला आता सांगा.”

त्यांनी मान हलवली. “ते त्या क्यामेऱ्याच्या काचंपुढं बोलून गेलो गं. तिथं कोन वळखीचं न्हवतं. तोंडावर न्हाई जमायचं.” आणि ते उठून बांबू उचलायला गेले. मी मागे लागले नाही. वाटलं, पुढं कधीतरी सांगतील. त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला न्यायला हे आले. जावई म्हणून आण्णांनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, स्वतः वाढलं. एक अक्षर बोलले नाहीत. ते वाढणं बघताना मला आण्णांचाही राग आला. पण माझा मुलगा तेव्हा पोटात होता, आणि बोलून मी कुठं जाणार होते?

एसटीत मी ह्यांना विचारलं. गाडी नगर सोडून पुढं निघाली होती. आधी म्हणाले, कशाबद्दल बोलतेस? मग म्हणाले, “मामांनी सांगितलं हुतं. त्यांच्यापुढं मी काय बोलनार?” मी म्हटलं, बुधवारचं मामंजींनी सांगितलं असेल, बाजारातलं कुणी सांगितलं होतं? मी येत नाही म्हणते, हे कुणी सांगायला लावलं? खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “तू गेली असतीस तर परत आली नसतीस, असं वाटलं.”

मी परत आले असते. ह्यांच्यावर माझा एवढा जीव होता, की मी धावत परत आले असते. ते मी त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

मामंजी गेले. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आत्याबाई शेवटच्या आजारात माझ्याच हातून पेज खायच्या. एकदा वाटी बाजूला सारून म्हणाल्या, “तुजा बाप लई मायेनं बोलला हुता गं त्या दिशी.” मी वाटी ठेवली आणि विचारलं, “काय बोलले हुते?” त्यांनी खूप आठवायचा प्रयत्न केला. खोटं नाही सांगत, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मग म्हणाल्या, “न्हाई आठवत आता.” आण्णाही गेले, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. त्या संध्याकाळी मुंबईतल्या, पुण्यातल्या घराघरांत माझ्या बापाचं बोलणं ऐकू गेलं असेल. मी कोण हे ज्यांना ठाऊक नाही, अशा लोकांनी ते ऐकलं आणि पुढचा कार्यक्रम बघितला.

राहिले हे. मी विचारलं की सांगतात. टाळत नाहीत, उलट हौसेनं सांगतात. एकदा म्हणाले, आण्णा म्हणाले होते, पोरगी गेल्यापासून शेताला जायला सोबत नाही. एकदा म्हणाले, तुझं नाव घेताना त्यांचा आवाज बसला. एकदा म्हणाले, त्यांनी हात जोडले. आण्णा हात जोडणाऱ्यातले नव्हते, पण माझ्यासाठी जोडलेही असतील. दर वेळी काहीतरी नवं निघतं, आणि दर वेळी ते माझ्या मनासारखंच असतं. ऐकताना मला बरं वाटतं, मग बरं वाटल्याचाच राग येतो. त्यातलं एखादं खरं असेल. कदाचित सगळंच खरं असेल. आण्णा त्या दिवशी माझ्याबद्दल काय बोलले, हे मी ज्याला विचारू शकते असं माणूस आता एकच उरलंय, आणि त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही.